लपवलेल्या मांजराची किंमत

कोपरखैरण्याचं आमचं घर मे महिन्याच्या शेवटी रिकामं झालं, तेव्हा मी स्वतः जाऊन बघून आले होते. सिडकोची जुनी इमारत, तिसरा मजला, सासऱ्यांनी घेतलेलं वन बीएचके. भाडेकरू जोडपं ऐरोलीला नोकरीला होतं, २२ महिने राहिलं, भाडं एकदाही थकलं नाही. फरशी पुसलेली, ओटा लख्ख, खिडक्या सताड उघड्या आणि दुपारचं ऊन थेट आतपर्यंत आलेलं. मी तिथल्या तिथे ६०,००० रुपयांची अनामत परत केली. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागला. एजंट कुणाला तरी घर दाखवायला गेला आणि तिथूनच त्याचा फोन आला, "ताई, बेडरूममध्ये उभं राहवत नाही."

मी संध्याकाळी गेले. बाहेर धो धो पाऊस, खिडक्या बंद. बेडरूमच्या दारात पाऊल टाकलं आणि डोळ्यांत पाणी आलं. अमोनियासारखा झोंबणारा वास, आणि त्याच्या आड कुजक्या कांद्यासारखं काहीतरी. ज्याने मांजर पाळलंय त्याला हा वास ओळखायला क्षणभरही लागत नाही. मी त्या मुलीला फोन लावला. आधी म्हणाली, "नाही हो काकू, आमच्याकडे काहीच नव्हतं." अर्ध्या तासाने तिचाच फोन आला, आवाज रडवेला. पहिल्याच पावसाळ्यात पार्किंगमध्ये भिजत बसलेलं बोक्याचं पिल्लू तिने वर आणलं होतं. घर देताना एजंटने बजावलं होतं, कुत्रं-मांजर चालणार नाही, मालक डिपॉझिट ठेवून घेतील. मी असं काहीही म्हटलं नव्हतं. पण तिने मला विचारावं कसं? विचारलं आणि मी नाही म्हटलं, तर पिल्लू तरी सोडा नाहीतर घर तरी. तिने वीस महिने बोका लपवून ठेवला.

पुढे काय झालं ते ऐकल्यावर माझा राग ओसरला. बोका सहा महिन्यांचा झाला तेव्हाच त्याची नसबंदी व्हायला हवी होती. पण त्याला डॉक्टरकडे न्यायचं म्हणजे जाळीच्या पेटीत घालून जिन्याने खाली आणायचं, वॉचमनच्या समोरून, शेजाऱ्यांच्या देखत. तो ओरडला तर? आज नको, उद्या बघू, असं करत वर्ष गेलं. तेवढ्यात बोका वयात आला आणि बेडरूमच्या दाराची चौकट आणि कपाटामागचा कोपरा ही त्याने आपली हद्द ठरवून टाकली. रोज तिथे लघवीचा फवारा मारायचा. ती रोज फिनाईलने पुसायची. कपाट सरकवून नीट साफ करायला माणूस बोलवावा, तर तोही कुणाला तरी सांगेल. बोका, वास आणि भीती, तिन्ही एकाच खोलीत कोंडून तिने दिवस काढले.

म्हणून मला आज हे मांडायचंय. भाड्याच्या घरात पाळीव प्राण्यामुळे जे नुकसान होतं, त्यातलं बरंचसं प्राणी पाळल्यामुळे होत नाही, तो लपवावा लागल्यामुळे होतं. आणि लपवावा लागतो त्याचं एक मोठं कारण आपली अनामत कापण्याची पद्धत आहे. किती कापणार, कशासाठी कापणार, बिल दाखवणार का, यातलं काहीच आधी ठरलेलं नसतं. सगळंच जाणार असेल, तर खरं सांगून फायदा काय, असा हिशोब साधी, सरळ माणसंही करतात. ती मुलगी खोटारडी नव्हती.

या वासाबद्दल आधी थोडं सांगते, कारण त्याच्याविषयीचं अज्ञान दोन्ही बाजूंना महागात पडतं. लघवीतल्या युरियावर जिवाणू बसले की अमोनिया सुटतो, म्हणून शिळी लघवी ताज्या लघवीपेक्षा जास्त झोंबते. मांजराच्या बाबतीत भर असते ती फेलिनीनची. हे गंधक असलेलं अमिनो आम्ल मांजराच्या लघवीत असतं, नसबंदी न झालेल्या बोक्याच्या लघवीत सगळ्यात जास्त. ते हळूहळू फुटतं आणि गंधकाचे उग्र वास सोडत राहतं. म्हणजे डाग पहिल्या दिवसापेक्षा चौथ्या दिवशी जास्त घाण मारतो. वाळल्यावर क्षार आणि बाकी द्रव्यं फरशीच्या सांध्यातल्या सिमेंटमध्ये, लाकडात, भिंतीच्या प्लास्टरमध्ये बसून राहतात. हवा कोरडी असली की गप्प असतात. ओलावा आला की पुन्हा विरघळतात आणि वास उठतो. आपल्याकडे जुलैत हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. मे महिन्यात उघड्या खिडक्यांत मला जे जाणवलं नाही, ते जूनने दाखवलं, यात काही नवल नव्हतं. कळायला हवं होतं ते मलाच.

आता फिनाईल. आपल्या घरांत वास म्हटलं की हात आधी फिनाईलच्या बाटलीकडे जातो. फिनाईल जंतू मारतं आणि आपला स्वतःचा वास वर पसरवतं, पण सांध्यात मुरलेलं द्रव्य तोडत नाही. शिवाय मांजरासाठी ते विष आहे. फिनॉल वर्गातली द्रव्यं मांजराच्या यकृताला नीट निरुपद्रवी करता येत नाहीत, आणि पुसलेल्या फरशीवरून चालून पंजे चाटणारं मांजर ती थेट पोटात घेतं. काळं फिनाईल तर घरात मांजर असताना आणूच नये. ज्या क्लीनरला अमोनियाचा वास आहे, त्यानेही उलटंच होतं. प्राण्याला तो लघवीचाच वाटतो आणि तो पुन्हा तिथेच जातो. आणि लघवीवर ब्लीच ओतणं हा सगळ्यात धोक्याचा प्रकार. अमोनिया आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरामाइनचे वायू तयार होतात, बंद बाथरूममध्ये श्वास कोंडतो. अॅसिडने कोटा किंवा संगमरवराचा तुळतुळीतपणा जातो, खडबडीत झालेल्या दगडात पुढची लघवी अजून खोल मुरते.

कामाला येतं ते एन्झाइमचं क्लीनर. पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळतं, ऑनलाइनही मिळतं. त्यातली एन्झाइम वासाच्या मुळाशी असलेली द्रव्यं तोडतात, पण त्यांना वेळ आणि ओल लागते. शिंपडलं आणि पुसलं, असं चालत नाही. डाग जितका खोल गेलाय तितकं खोल ते द्रावण जायला हवं आणि बराच वेळ ओलं राहायला हवं. आधी फिनाईल मारलेलं असेल तर ते साध्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन काढावं लागतं, नाहीतर क्लीनर निकामी ठरतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे ज्या दिवशी झालं त्याच दिवशी केलं तर जुना वर्तमानपत्र, साधं पाणी आणि थोडंसं क्लीनर एवढ्यावर भागतं. लपवणाऱ्याला नेमकं तेच जमत नाही.

मी आधी एका ठेकेदाराला घर दाखवलं. तो दारातूनच म्हणाला, "मॅडम, सगळी लादी उखडावी लागेल, भिंतीचं प्लास्टर पण." आकडा सांगितला ५५,००० रुपये. मी विचार करते म्हणून सांगितलं आणि त्या रात्री नोटा तपासायची अल्ट्राव्हायोलेट टॉर्च घेऊन नवऱ्याबरोबर पुन्हा गेले. सगळे दिवे घालवले. फरशीवर गुडघे टेकून, जमिनीच्या सपाटीने टॉर्च फिरवत गेले. हॉल स्वच्छ. स्वयंपाकघर स्वच्छ. बेडरूममध्ये कपाट होतं त्या कोपऱ्यात पिवळट हिरवे ओघळ उजळले, दोन फुटांवरून खाली आलेले, स्कर्टिंगच्या, म्हणजे भिंतीच्या तळाला लावलेल्या पट्टीच्या, मागे गेलेले. दुसरी जागा दाराची चौकट, डावीकडची, खालचा वीतभर भाग. ऑइल पेंटला फोड आले होते आणि नखाने दाबलं तर लाकूड पावासारखं आत जात होतं. तिसरी जागा दाराजवळच्या दोन लाद्यांमधला सांधा. बस. ५५,००० रुपयांची लादी उखडायला निघालेल्या घरात खराब जागा एवढ्याच होत्या.

स्कर्टिंगचे तीन तुकडे काढले, मागचं प्लास्टर धुतलं, क्लीनर दोन वेळा मुरवलं, सांधा खरवडून नवा भरला. सुताराने चौकटीचा सडलेला तुकडा कापून नवा जोडला, रंगाऱ्याने चौकट आणि तेवढीच भिंत रंगवली. क्लीनरच्या बाटल्या धरून सगळा खर्च ६,४०० रुपये झाला. मी बिलांचे फोटो त्या मुलीला पाठवले. पैसे मागितले नव्हते, कारण अनामत मी आपल्या हाताने परत करून बसले होते. तिने दुसऱ्या दिवशी सगळे पैसे पाठवले आणि लिहिलं, "काकू, मला वाटलं होतं तुम्ही पन्नास हजार म्हणाल." पन्नास हजारांच्या भीतीने तिने वीस महिने जे लपवलं, ते शेवटी ६,४०० रुपयांचं निघालं. पहिल्या महिन्यात सांगितलं असतं तर तेवढेही लागले नसते.

तिची भीती मात्र पोकळ नव्हती. ती मी स्वतः भोगलेली आहे.

२०१४ साली आम्ही ठाण्याला पाचपाखाडीत भाड्याने राहत होतो. आमच्याकडे चिंगी होती, रस्त्यावरून आणलेली तांबूस कुत्री. मालकांना आम्ही पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, ते हो म्हणाले होते, पण करारात त्याचा उल्लेख नव्हता आणि आम्हीही धरला नाही. चिंगीने नुकसान केलं का? केलं. आम्ही ऑफिसला गेलो की ती मुख्य दाराच्या आतल्या बाजूला नखं ओढायची. सनमायकावर फूटभर उंचीपर्यंत चरे पडले होते. त्याचे पैसे आमच्याकडूनच घ्यायला हवे होते, आणि आम्ही द्यायलाही तयार होतो. घर सोडताना मालकांनी ५०,००० रुपयांच्या अनामतीतून १२,००० परत दिले. बाकीचं काय विचारलं तर म्हणाले, दार, पूर्ण घराचा रंग, पेस्ट कंट्रोल, आणि कुत्र्याचा वास. बिल एकाचंही नाही. बेडरूमच्या भिंतीला जो कुबट वास होता तो कुत्र्याचा नव्हता. ती पश्चिमेची बाहेरची भिंत, दर पावसाळ्यात तिला ओल यायची, वरच्या कोपऱ्यात काळी बुरशी धरायची. आम्ही दोनदा फोटो पाठवून तक्रार केली होती. शेवटी ती ओलही चिंगीच्या नावावर जमा झाली.

हे ठाणे-नवी मुंबईत फार होतं. इथे चार महिने पाऊस असा झोडपतो की जुन्या सिडको इमारतींना सोडा, घोडबंदर रोडच्या नव्या टॉवरनाही बाहेरच्या भिंतीतून पाझर असतो. ओलीचा वास मातकट, बुरशीचा असतो, साधारण वरच्या कोपऱ्यांत आणि खिडकीभोवती. लघवीचा वास झोंबतो आणि जमिनीपासून दोन फुटांच्या आत असतो. दहा मिनिटं देऊन वाकून पाहिलं तर कुणालाही फरक कळतो. पण ज्याला पैसे ठेवून घ्यायचे असतात तो वाकत नाही.

अनामत हा शब्द आपण रोज वापरतो आणि त्याचा अर्थ विसरतो. मूळ शब्द अमानत, म्हणजे विश्वासाने सोपवलेली ठेव. ती मालकाच्या खात्यात असली तरी भाडेकरूची आहे. तिच्यातून काही घ्यायचं असेल तर घेणाऱ्याने ते सिद्ध करायला हवं. कायद्याचा रोखही हाच आहे. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चा आहे. त्याच्या कलम १०८ मध्ये भाडेपट्टेदाराने घर घेतलं त्या स्थितीत परत द्यावं असं म्हटलंय, पण वाजवी वापराने झालेली झीज सोडून. आपले बहुतेक करार भाडेपट्ट्याचे नसून लिव्ह अँड लायसन्सचे, म्हणजे घरात राहायची फक्त परवानगी देणारे असतात, तरी चार वर्षांच्या रंगाचे पैसे चार वर्षं भाडं भरलेल्या माणसाकडून मागू नयेत, हे न्यायाचं तत्त्व तिथेही लागू व्हायला हरकत नाही. 'प्राणी ठेवल्यास संपूर्ण डिपॉझिट जप्त' असं कलम कित्येक करारांत एजंट टाकून देतात. करार कायदा १८७२, कलम ७४ सांगतो की करारात काहीही रक्कम लिहिली असली तरी भरपाई वाजवीच मिळते, लिहिलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात स्पष्ट केलं की नुकसान झालेलंच नसेल तर जप्तीही नाही. पण ३८,००० रुपयांसाठी दिवाणी दावा कोण लावणार? आम्ही नाही लावला. बहुतेक कुणीच लावत नाही, आणि हे मालकांना माहीत असतं.

मालकाची बाजू मला आता आतून ठाऊक आहे, त्यामुळे ती हलकी करून सांगणार नाही. या भागात घर भाड्याने देणारे सगळे बिल्डर नसतात. निवृत्त शिक्षक असतात, एकट्या राहणाऱ्या बायका असतात, ज्यांचं महिन्याचं औषधपाणी त्या भाड्यातून चालतं. घर वासामुळे दीड महिना रिकामं राहिलं तर त्यांचं गणित कोलमडतं. कोपरखैरण्याचं घर त्या वर्षी पाच आठवडे रिकामं होतं, त्याचं भाडं मला कुणी दिलं नाही. पुढच्या भाडेकरूच्या मुलाला दमा असू शकतो. खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळत घातलेल्या चादरीवर वरच्या बाल्कनीतून कुत्र्याचं पाणी ठिबकलं, तर शिव्या मालकाला बसतात. एखाद्या मालकाने मला नकोच म्हटलं, तर तो त्याचा हक्क आहे, मी त्याच्याशी भांडणार नाही. माझी मागणी एवढीच की ते त्याने स्वतः, आधी आणि लेखी सांगावं. एजंटच्या तोंडून, घाबरवून, अनामतीची धमकी देऊन नको. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असणं ही मालकाची जबाबदारी आहे, आणि नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, जोवर उलटं सिद्ध होत नाही. तोंडी सांगितलेल्या 'चालणार नाही'ला तिथे फारसं वजन उरत नाही.

सोसायटीचा प्रश्न वेगळा आहे आणि तो लवकर संपतो. भारतीय प्राणी कल्याण मंडळाने २०१५ साली मार्गदर्शक सूचना काढल्या. सोसायटीला सर्वसाधारण सभेत बहुमताने ठराव करूनही पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, त्यांना लिफ्ट नाकारता येत नाही, प्राण्यापोटी जादा वर्गणी लावता येत नाही, असं त्यांत आहे. भाडेकरू असो की मालक, हे दोघांनाही लागू. सेक्रेटरींनी मालकाला फोन करून दम देण्याचे प्रकार बंद व्हावेत, एवढंच इथे म्हणते.

प्राणी पाळणाऱ्यांना मात्र मला जास्त परखड बोलायचंय, कारण ती माझीच माणसं आहेत. सकाळी नऊला कुलूप लावून रात्री आठला येणाऱ्या घरात कुत्र्याचं पिल्लू आणू नका. तीन ते सहा महिन्यांच्या काळात त्याचे दात बदलतात, ते जे सापडेल ते चावतं. त्याला बाहेर शू करायची सवय लावायला दिवसातून पाच-सहा वेळा खाली न्यावं लागतं. ते जमत नसेल तर दाराची चौकट, सोफा, शेजाऱ्यांची झोप, सगळं त्याच्या एकटेपणाची किंमत मोजणार, आणि त्यात त्याची काही चूक नाही. बाल्कनी म्हणजे संडास नाही. बोक्याची आणि कुत्र्याची नसबंदी वेळेवर करा, जागोजागी फवारे मारण्याची सवय त्याने बरीच कमी होते. मांजराच्या ट्रेमधली माती रोज काढा. रेबीजची लस आणि महापालिकेचा परवाना यांची कागदपत्रं घर बघायला जातानाच हातात ठेवा, समोरच्या माणसाच्या निम्म्या शंका तिथेच मिटतात. आणि जे तुटलं ते मालकाला दिसायच्या आधी तुम्ही सांगा. चिंगीच्या चऱ्यांबद्दल आम्ही शेवटच्या दिवसापर्यंत गप्प राहिलो. ती आमची चूक होती, आणि त्या गप्प राहण्यानेच मालकांना बाकीचं सगळं आमच्या माथी मारायला जागा मिळाली.

अजून एक गोष्ट आहे, ती लिहिताना हात जड होतो. घर बदलायच्या मोसमात, मे-जूनमध्ये, नेरुळ स्टेशनच्या बाहेर आणि पाम बीच रोडच्या कडेला पट्टा घातलेली कुत्री मी स्वतः पाहिली आहेत. येणाऱ्या प्रत्येक गाडीकडे मान उंच करून बघणारी. एकाच्या गळ्यात घुंगरू होतं. पाळलेल्या प्राण्याला असं सोडून देणं हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० खाली गुन्हा आहे, आणि पहिल्या गुन्ह्याला दंड आहे १० ते ५० रुपये. 'नवीन मालक चालवून घेत नाही' हे कारण त्यांना सोडणाऱ्याला माफ करत नाही. पण प्रत्येक दारातून तोच नकार, तोही एकदा भेटून न बघता दिलेला, याचाही त्यात वाटा आहे, हे आपण मालकांनी मनाशी कबूल करायला हवं.

मग करावं काय? आपल्या करारांना शेवटी एक यादी जोडलेली असते. पंखे चार, ट्यूबलाइट तीन, गीझर एक, असं एजंट मोजून लिहितो. त्याच पानावर घराची स्थिती लिहायला काय हरकत आहे? चौकटी कशा आहेत, दारांच्या आतल्या बाजू, स्कर्टिंग, फरशीचे सांधे, कुठल्या भिंतीला ओल येते, रंग कोणत्या साली दिला. सोबत तारीख असलेले फोटो, दोघांच्याही मोबाइलवर. प्राणी असेल तर त्याचं नाव, वय, नसबंदी, लस. नोंदणी आता घरबसल्या ऑनलाइन होते, नोंदणी विभागाने नमुन्यातच हा रकाना टाकला तर हजारो भांडणं उगम पावण्याआधीच मिटतील. केंद्राने २०२१ साली मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरार कायद्यात राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती ठेवायला सांगितलंय आणि भिंतींची रंगसफेदी ही मालकाची जबाबदारी म्हणून लिहिली आहे. तो नमुना आहे, तो स्वीकारायचा की नाही हे राज्यांवर आहे. आपल्याकडे कारभार १९९९ च्याच कायद्याने चालतो.

प्राण्यासाठी वेगळी, छोटी अनामत घ्यायला माझा विरोध नाही. न्यूझीलंडने २०२५ च्या डिसेंबरपासून ती कायद्यात आणली, जास्तीत जास्त दोन आठवड्यांच्या भाड्याएवढी. प्राण्याने काही बिघडवलं नाही तर पूर्ण परत. आपल्याकडे 'पेट चार्जेस' म्हणून परत न मिळणारी रक्कम घेण्याची जी टूम निघाली आहे, ती मला मान्य नाही. न झालेल्या नुकसानीचे पैसे आधीच भरले तर सांभाळून राहायला कुणाला हुरूप येईल? त्याहून मोलाची मला इंग्लंडची रीत वाटते. तिथे २००७ पासून राहत्या घराची अनामत सरकारमान्य योजनेत संरक्षित ठेवावी लागते, आणि वाद झाला तर योजनेतच तो फुकट सोडवून मिळतो, कोर्टात न जाता, कागद आणि फोटो बघून. अशी सोय ठाण्यात असती तर २०१४ साली आमच्या मालकांना त्या ओलीचा फोटो कुणाला तरी दाखवावा लागला असता.

घर ताब्यात घेण्याची माझी पद्धत मी बदलली आहे. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी भाडेकरू आणि मी मिळून फरशी साध्या पाण्याने ओली पुसतो, चौकटींच्या खालच्या बाजूंवर ओलं फडकं फिरवतो, सगळ्या खिडक्या लावतो आणि कुलूप घालतो. सकाळी दार उघडून दोघं एकदम आत जातो. मे महिना असला तरी घरात मुरलेलं काही असेल तर ते रात्रभरात वर येतं. आम्ही दोघांनी ते एकाच वेळी हुंगलेलं असतं, त्यामुळे वाद घालायला काही उरत नाही.

कोपरखैरण्याच्या घरात सध्या एक नर्स राहते, वाशीला नोकरी करते. तिच्याकडे दोन मांजरी आहेत, हे तिने पहिल्याच फोनवर सांगितलं. एजंट मध्येच म्हणाला, "ताई, मागच्या वेळेचं विसरलात का?" मी म्हटलं, तेच आठवतंय म्हणून हो म्हणतेय. ती घर बघायला आली तेव्हा मी तिला बेडरूमच्या दाराशी नेलं आणि चौकटीला जोडलेला नवा तुकडा दाखवला, रंगाखाली सांधा अजून बोटाला लागतो. ती खाली बसली, मोबाइल आडवा धरून तिने त्याचे चार फोटो काढले, एक अगदी जवळून, आणि ते कराराच्या यादीला जोडायला मला पाठवले. यादीत त्या ओळीसमोर तिच्या अक्षरात लिहिलंय, 'डावी चौकट, खालून नऊ इंच, दुरुस्त केलेली, कोरडी.' त्याखाली दोघींच्या सह्या आहेत.